मे महिन्यातली फेरी

"काका, हाच फोटो द्या. लोकांना दिसलं पाहिजे," संचिता म्हणाली.

मोबाइलवर सीतारामची बायको वैजयंता होती. नाकात नळी, केस विस्कटलेले. डॉक्टरला दाखवायला म्हणून त्यानेच तो फोटो काढला होता.

हाटकेश भागातल्या एका गाळ्यातून संचिता चालवायची ती संस्था अंथरुणाला खिळलेल्यांना पलंग फुकट वापरायला द्यायची. वैजयंता अकरा वर्षं संस्थेच्या देणग्यांसाठी दारोदार फिरली. आजारपणात तिची शेवटची फेरी चुकली, ती जाऊन दोन महिने झाले आणि देणग्या आटल्या. पाच घरं पलंगाची वाट बघत होती.

"हसऱ्या फोटोला कोणी देत नाही, काका. मी काय करू?"

"विस्कटलेल्या केसांनी तिने कुणाची बेल वाजवली नाही. मी फिरतो. महिनाभर थांब."

"मी थांबते हो. पलंगवाले थांबतील का?"

वैजयंताची पिशवी घेऊन तो पूनम सागर सोसायटीत गेला. तीन दारं जाळीतूनच बोलली. चौथं ममताबेनचं.

"हमारे यहाँ काकी आती है. दूसरे को नहीं देते."

"काकी गई. दो महिना हुआ."

दार उघडलं. ममताबेन आत गेली आणि नोटा घेऊन आली. दरवर्षीपेक्षा जास्त. पावतीही मागितली नाही.

नोटा हातात आल्या आणि सीतारामला वाटलं, आपण जणू तो फोटोच दाखवला. मग त्याला आठवलं, हा मे महिना. वैजयंता दिवाळीला पैसे घ्यायची. मेमध्ये नुसती सांगायला जायची, त्या पैशाचं काय झालं ते. तेव्हा कुणी दिले तरी घ्यायची नाही.

त्याने नोटा परत केल्या.

"अभी नहीं. दिवाली में. अभी सिर्फ बताने आया."

"क्या?"

"आपके पैसे से पलंग लिया था ना. आखिर में वो काकी को ही लगा."

ममताबेन दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "बैठो, भाई. चाय रखती हूँ."

चहा बिनसाखरेचा होता, वैजयंताला लागायचा तसा. सीतारामला साखर लागायची. तरी त्याने कप रिकामा केला.

संचिताला काय सांगायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. वाट बघणाऱ्या पाच घरांना तर मुळीच नाही.

शेजारच्या दारावर पितळी पाटी होती. वैजयंता अशा पाटीत बघून केस सारखे करायची. सीतारामने वाकून बघितलं, उरलेले केस तळव्याने बसवले आणि बेल दाबली.