शिंपीण मावशींची सही

चूक माझीच होती. सही आधी आणि मुलाखत नंतर, हा आमच्या संशोधनातला पहिला नियम. पण शिंपीण मावशींनी शिलाई मशीन थांबवलं, त्या बोलू लागल्या, आणि मध्येच कागद पुढे करणं माझ्या जिवावर आलं. सीमा ओलांडून आलेल्या माणसांवर माझा प्रबंध आहे. अशी मुलाखत मला वर्षभरात मिळाली नव्हती. अस्तरात कागद शिवून माणसं कशी निघाली, तेही त्यांनी सांगितलं. तीन तासांनी मी संमतिपत्र काढलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कागदाचं नाव काढू नकोस, पोरी. सीमेवरच्या चौकीवर असाच अंगठा घेतला होता माझा. काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. पुढे आई गेली, तिकडे जायला निघाले तेव्हा कळलं, परत येणार नाही असं लिहून दिलं होतं मी."

मी कागद परत पिशवीत घातला. घरी येऊन मी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. आमच्या मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या, "सही नसेल तर रेकॉर्डिंग पुसून टाक. आणि त्यांच्यासमोर पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात गेले.

"मावशी, कालचं रेकॉर्डिंग पुसायला आलेय. तुमच्यादेखत."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी नाही म्हटलं म्हणून?"

"हो."

"आणि तुझा तो प्रबंध?"

"बोंबलला."

त्या खुदकन हसल्या. "वाच बघू तो कागद. मला आता सही तेवढी येते, वाचता येत नाही. एक ओळ गाळायची नाही हं!"

मी वाचू लागले. इतका रटाळ कागद, की मीसुद्धा तो कधी धड वाचला नव्हता. सहाव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"हे पुन्हा वाच."

"दिलेली संमती कधीही, कारण न सांगता मागे घेता येईल."

"कधीही?"

"अगदी उद्यासुद्धा."

त्यांनी पेन मागितलं. एकेक अक्षर जपून काढत सही केली आणि म्हणाल्या, "एक प्रत मला दे. चौकीवरच्या कागदाची दिली नव्हती त्यांनी."

प्रतीची घडी घालून त्यांनी स्वतःच्या जाकिटाचं अस्तर उसवलं, कागद आत सरकवला आणि टीप घातली. माझे डोळे भरून आले. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर त्याच आधी बोलल्या.

"तुझं भलं होवो, पोरी. आजवर मला कुणी कागद वाचून दाखवला नव्हता."