शहरातली आई

दुलमाचा व्हिडिओ आला की ओतगोनच्या पोटात दुखायचं. बघवायचंही नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

आजही तसंच. कारखान्यातली जेवणाची सुट्टी, बाकीच्या बाया खिमा भरलेले, वाफवलेले गरम बूझ खाताहेत, आणि ही भिंतीकडं तोंड करून मोबाइल बघतेय. व्हिडिओत तसं काही नव्हतं. तिची नामून, नुकतं चौथं लागलेली, मेंढीच्या पाठीवर बसून खिदळत होती. मागं नुसता बर्फ आणि आभाळ. आभाळ इतकं निळं की ओतगोनला त्याचाही राग आला. पोरीचे गाल लालबुंद, अंगात पायघोळ अंगरखा, नवाकोरा देल, आणि त्याची गळपट्टी अशी चापूनचोपून बसवलेली की ओतगोननं दोन बोटांनी चित्र मोठं करून टाके बघितले. ती स्वतः लोकरी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती, तिला टाका कळत होता. एकही वेडावाकडा नव्हता.

"मेली हातानं शिवते," ती पुटपुटली, "आणि माझ्या मशीनला लाजवते."

दुलमा म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर तिचं बिऱ्हाड, शेळ्यामेंढ्या आणि दोन दांडगे मुलगे. मागच्या हिवाळ्यात नामूनला दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ओतगोनला समोर बसवून सांगितलं होतं, "औषध मी देते. पण श्वास तुमच्या वस्तीतलाच घ्यायचाय ना तिला? थंडी पडायच्या आत पोरीला उलानबातारबाहेर काढा. तिसऱ्यांदा झाला तर निभावेलच असं मी म्हणणार नाही."

वस्तीत घरोघर चूल, चुलीत कोळसा, आणि धूर काही वर जात नाही, डोंगरांच्या मध्ये गोधडी पांघरून बसतो. सगळ्यांचीच मुलं खोकतात. ज्यांचं कुणी रानात आहे ते हिवाळ्यापुरती मुलं तिकडं पाठवतात. ओतगोननंही पाठवली. स्वतः जायचं तर कारखान्यातली जागा गेली असती, आणि जागा गेली की बिनचुलीचा, गरम नळ्यांचा फ्लॅट गेला. त्याच्यासाठीच ती आणि तिचा नवरा सोदनोम राबत होते. फ्लॅट झाला की पोरगी घरी. तोवर नणंदेकडं.

सगळं समजून-उमजून पाठवली. पण समजून पाठवलं म्हणून जळायचं थांबतं का?

दर रविवारी दुलमा टेकडीवर चढून फोन करायची, कारण रेंज तिथंच मिळायची. ओतगोनचा पहिला प्रश्न ठरलेला. "खोकते का हो?"

"नाही गं बाई. एकदाही नाही."

ऐकून तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच त्याच भांड्यात काहीतरी नासायचं. एकदा तरी खोकली असती पोरगी तिकडं. एवढंसं. मग दुलमा घाबरली असती, विचारलं असतं, ओतगोन, तू काय करायचीस गं अशा वेळी? असलं काही मनात आलं की ओतगोनला स्वतःचीच किळस यायची. पण यायचं ते येतच राहायचं.

आणि एका रविवारी मागून नामूनचाच आवाज आला. "आई, कुणाशी बोलतेस?"

"शहरातल्या आईशी," दुलमा म्हणाली.

दुलमाचे मुलगे तिला आई म्हणतात, ऐकून ऐकून ही पण म्हणायला लागली. त्यात दुलमाचा काय दोष? काही नाही. म्हणूनच तर जास्त झोंबलं.

त्याच फोनवर केसांची गोष्ट निघाली. मुलीचे पहिले केस कापायचे होते. जन्मल्यापासून कात्री न लागलेले केस, घरी पाहुणे बोलवायचे, प्रत्येकानं एक बट कापायची आणि पोरीला काहीतरी द्यायचं. दुलमा म्हणाली, "इथंच उरकून घेऊ का? नव्या वर्षात लामानं चांगला दिवस काढून दिलाय."

"केस माझ्या मुलीचे आहेत, ताई. माझ्या घरी कापायचे."

"तुझ्याच घरी गं. पण उन्हाळ्यात काप. आत्ता तिकडं धूर किती असेल."

"आठ दिवसांत काय होतंय? इथली बाकीची मुलं राहतातच ना?"

 मग दुलमा म्हणाली, "तू आई आहेस. आणते."

सोदनोम ट्रॉलीबस चालवायचा, गर्दीत कुणाशी वाद घालायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलं होतं. तरी तो चहा ओतता ओतता म्हणाला, "ताईचं चुकतंय असं नाही."

"मग जा, तिच्याकडंच राहा. तुलाही गुबगुबीत करेल."

नव्या वर्षाच्या आधी दुलमा दिराच्या जीपमधून नामूनला घेऊन आली. पोरगी खाली उतरली, नाक वर केलं आणि दुलमाला म्हणाली, "आई, इथं वास येतो."

ओतगोन पुढं झाली, गुडघ्यांवर बसून तिनं लेकीचं कपाळ हुंगलं. गोवऱ्यांच्या धुराचा वास, दुधाचा, मेंढरांचा. घरचा वास कुठंच नव्हता. नामून हुंगू देत ताठ उभी राहिली, परक्या पाहुण्यासमोर शहाणी मुलं राहतात तशी.

दुलमा आत आली, चूल बघितली, छताच्या झरोक्याकडं बघितलं, चहाचे दोन घोट घेतले आणि सांगायला लागली. "दुपारनंतर हिला बाहेर काढू नको हं. चुली पेटायच्या आत घरात. अन् न्यावंच लागलं तर मास्क."

"ताई, लग्न होऊन आल्यापासून मी याच वस्तीत राहते. धूर तरी मला शिकवू नका."

दुलमा हसली. हे एक ओतगोनला तिचं अजिबात आवडायचं नाही, टोमणा मारला की हसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुलमा एका म्हाताऱ्या मावशीला भेटायला गेली. ओतगोननं नामूनला देल चढवला, मास्क बांधला आणि केसांचं आमंत्रण द्यायला गल्लीत निघाली. सकाळीही जाता आलं असतं. पण सकाळी दुलमा घरात होती, आणि बरोबर आली असती.

चुली नुकत्याच पेटल्या होत्या. पहिलंच दार यांजमाचं. ती म्हणाली, "अगं, मास्क काढ की. बघू तरी तुझी लेक."

ओतगोननं मास्क काढला.

"अगोबाई, काय गाल आहेत. काय घालतेस गं खायला?"

"अंगकाठीच माझ्या माहेरची आहे," ओतगोन म्हणाली.

यांजमाच्या मागं तिचा नातू घशात शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत बसला होता. त्याच्याकडं आणि मग नामूनकडं बघताना यांजमाच्या डोळ्यांत जे आलं, ते ओतगोननं लगेच ओळखलं. ओळखणारच, सगळा हिवाळा तिनं तेच डोळ्यांत घेऊन काढला होता. आज कुणीतरी तिच्यावर जळत होतं. इतकं बरं वाटलं तिला की काय सांगावं.

मास्क खिशात गेला तो गेलाच. पुढचं दार, त्याच्या पुढचं, मग वरची गल्ली, मग तिच्याही वरची. मास्क घातला तर गाल कसे दिसणार? दारोदार बाया कौतुक करत होत्या, नामून डोळे चोळत होती, आणि ओतगोन नणंदेनं कमावलेले गाल स्वतःचे म्हणून मिरवत होती.

केस कापायच्या दिवशी नामूनच्या हातात निळ्या रेशमी वस्त्रात बांधलेली कात्री दिली आणि तिला पाहुण्यांपुढं एकेकाकडं पाठवली. दोघातिघांनी बटा कापल्या असतील नसतील, पोरगी खोकायला लागली. आदल्या दिवसापासून ठसका होताच, ओतगोन म्हणत होती प्रवासानं झालंय. आता खोकला थांबेचना. दुलमानं उठून तिच्या देलची बटणं सोडली आणि छातीवर हात ठेवला.

"बरगड्या आत ओढतेय. चला."

"परवा तर ठणठणीत होती हो," यांजमा भाबडेपणानं बोलून गेली. "मास्क काढून हिनं गाल दाखवले ना आम्हाला."

दुलमानं ओतगोनकडं बघितलं. आणि पोरीला गोधडीत गुंडाळायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

इस्पितळात व्हरांड्यातसुद्धा खाटा लावल्या होत्या, आणि प्रत्येक खाटेवर एक लहान मूल. न्यूमोनियाच होता. तिसरा. नर्स म्हणाली, मुलाजवळ एकच बाई थांबेल.

दुलमा हळूच म्हणाली, "मी थांबू का? तिला माझी सवय आहे, घाबरायची नाही."

"आईनं थांबायचं असतं," ओतगोन म्हणाली.

दुलमाचा चेहरा एवढासा झाला. ती शहरातच मावशीकडं राहिली. रोज सकाळी हाडांचं गरम सूप आणून दारात द्यायची, आणि ओतगोन ते नामूनला भरवायची. कुणी पाठवलं ते सांगायची नाही. एवढं सगळं होऊनही सांगायची नाही, अशी होती ती.

पहिले दिवस वाईट गेले. पोरगी नळीतून प्राणवायू घेत पडून असायची, डोळे उघडले की दाराकडं बघून "आई" म्हणायची. ओतगोन तिचा हात धरून बसायची आणि मनात म्हणायची, हिला वाचवा, मग हिनं कुणालाही आई म्हणू दे. म्हणायला सोपं होतं. ताप उतरू लागला, श्वास मोकळा झाला, तशी नामून गोष्टी ऐकायला लागली, ओतगोनचा अंगठा मुठीत धरून झोपायला लागली. आणि एका सकाळी जागी झाली, दाराकडं न बघता सरळ ओतगोनकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, पाणी."

ओतगोननं पाणी दिलं. अर्धं उशीवर सांडलं. लेकीला आजारानं तिच्याकडं परत आणलं होतं, आणि तो आजार तिनंच गल्लीगल्लीतून फिरवून आणला होता. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी आनंद झाला तो झालाच.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सोदनोमला आणि तिला दोघांना बोलावलं. "इथून सरळ गाडीत. घरी एक रात्रसुद्धा नको. आणि यंदाचंच नाही, शाळेत जाईपर्यंत सगळे हिवाळे तिकडं. पुन्हा असं झालं तर मला तोंड दाखवू नका."

दारात जीप उभी होती. दुलमानं दोन्ही हात पुढं केले. "चल गं माझी राणी. कोकरं झालीत, तुझी वाट बघताहेत."

नामूननं ओतगोनच्या गळ्याला मिठी मारली. "नाही. मी आईजवळ राहणार."

दुलमाचे हात तसेच राहिले. ओतगोननं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि क्षणभर इतकं गोड वाटलं की लाज वाटायचंही राहून गेलं. हेच तर हवं होतं तिला. अगदी हेच, आणि हिच्यासमोर.

"उन्हाळ्यात येते मी तुझ्याकडं," ती लेकीच्या कानात म्हणाली. "लवकर येते, बघ." पण मिठी आणखी घट्ट झाली. पोरगी रडायला लागली, आणि रडता रडता खोकायला लागली. सुका, खरखरीत खोकला. छातीला छाती लागलेली, प्रत्येक ठसका ओतगोनच्या बरगड्यांत बसत होता. संध्याकाळ व्हायला आली होती, वस्तीकडून धूर खाली उतरत होता. सोदनोमनं समजावलं, दुलमानं चुचकारलं. नामून ऐकेना.

ओतगोननं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला बर्फात उभं केलं.

"सोड मला," ती म्हणाली. आवाज कारखान्यातल्या मुकादमासारखा. "कामावर जायचंय. तुझ्या दुखण्यापायी माझी जागा जायची वेळ आलीय."

नामूनचं रडं जागच्या जागी थांबलं.

"बघतेस काय? जा. आई ती बघ उभी आहे तिथं."

 पोरगी वळली आणि चालत दुलमाकडं गेली. दुलमानं तिला उचलून जीपमध्ये घेतलं, मांडीवर बसवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागावलेला होता.

"असं तोडून बोलतात का गं लेकराला? जाऊ दे. मी सांगेन तिला वाटेत, तू कशासाठी बोललीस ते."

"काही सांगू नका, ताई," ओतगोन म्हणाली. "सांगितलंत तर परत रडेल. रडली की खोकते ती."

दुलमानं मान डोलावली आणि जीपचं दार ओढून घेतलं.