जात्याखालचं पेव

कौतिक साहेबांशी खोटं बोलला, ते भावाच्या घरातला दाणा वाचावा म्हणून. आणि त्या खोट्याची किंमत भावालाच मोजावी लागली.

साक्रीकडच्या त्या गावात उंदीर पडू लागले तसे लोक शिरस्त्याप्रमाणे माळावर झोपड्या घालून राहिले. ओस गावात उरले ते प्लेगचे इन्स्पेक्टर साहेब आणि त्यांचा पंपवाला कौतिक. साहेबांच्या डब्यातल्या भुकटीला ओल लागली की तिचा गॅस होई, आणि दोनचार श्वासांत माणूस आडवा. कौतिक वाऱ्याकडे पाठ करून पंपाने ती भुकटी बिळात मारी, दुसऱ्या बिळातून धूळ निघाली की तिथे चिखल थापी. महिनाभरात त्याच्या हातून एक चूक झाली नव्हती. गडी भलता काटेकोर.

थोरल्या भावाच्या, निंबाच्या घरातलं बीळ मात्र भुकटी गिळतच राहिलं. चाळीस दट्टे मारले तरी धूळ कुठूनच निघेना.

"आत पेव-बिव आहे का रे?" साहेबांनी विचारलं.

होतं. जात्याखाली दोन पुरुष खोल पेव होतं आणि त्यात सरकारी लेव्हीपासून लपवलेली बाजरी. लढाईचे दिवस, घराघरातला दाणा मोजून नेत होते. सांगावं तर भावाची पोरंबाळं उपाशी.

"नाही साहेब," कौतिक म्हणाला.

पेवाचं तोंड फरशीने बंद आहे, वरून शेणामातीने लिंपलंय, गॅस जाईल कुठून, अशी त्याने मनाची समजूत घातली. अरे शहाण्या, उंदीर भिंतीखालून बीळ कोरतो ते कशाच्या वासाने? शेतकऱ्याच्या पोराला हे का कोणी शिकवावं लागतं? पण त्या घटकेला त्याची अक्कल गहाण पडली होती.

संध्याकाळी माळावर त्याने निंबाला बजावलं, "दादा, उद्या दुपारलोंग घरमा पाय ठेवू नको." पेवाचा विषय काढला नाही. आजूबाजूला माणसं होती.

निंबाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावरच तो बायको मंजुळाबाई आणि थोरला मुलगा वना यांना घेऊन बाजरी काढायला घरी आला. दारं उघडली, फरशी सरकवली, घटकाभर थांबला आणि बापाने शिकवल्याप्रमाणे दोरीने कंदील आत सोडला. पेवात हवा कोंदली असली की कंदील विझतो, मग उतरायचं नाही. कंदील लख्ख जळत होता. निंबा उतरला.

मंजुळाबाईची किंकाळी शेजारच्या गल्लीत कौतिकला ऐकू आली. तो धावत पोचला तेव्हा वनाचा एक पाय पेवात होता. कौतिकने त्याला बखोटीला धरून मागे ओढलं आणि जमिनीवर पाडून छातीवर बसला.

"सोड काका! मन्हा बाप पडेल शे तठे! दिवा जळी ऱ्हायना, दिसत नही का तुले?"

"या गॅसमा दिवा ईझत नही रे! तू बी मरशी!"

वनाने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. कौतिकने पकड सोडली नाही. एव्हाना माळावरची माणसंही धावत आली होती. "कोनी वाकू नका! मांगलं दार उघडा! इहीरना गळ आना!" तो ओरडत होता. खाली निंबाच्या टाचा बाजरीवर घासत होत्या. मग तो आवाजही थांबला. सख्ख्या भावाचं मरण ऐकत बसणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

विहिरीतल्या बादल्या काढायच्या गळाने, तोंड फिरवून, श्वास रोखून लोकांनी निंबाला वर ओढलं आणि अंगणात आणलं. त्या दिवशी पिंपळनेरला गेलेले साहेब निरोप मिळताच सायकल हाणत आले. त्यांनी औषधाची काचेची कुपी रुमालात फोडून निंबाच्या नाकाशी धरली, कितीतरी वेळ छाती दाबली आणि मग घाम पुसत उठले.

"याने अडवलं नसतं तर मुलगाही गेला असता," ते म्हणाले.

मंजुळाबाईने कौतिकचा रक्ताळलेला हात कपाळाला लावला. "भाऊ, मन्हा वना तुन्हामुळे जिता शे."

हे मात्र त्याला सोसवेना. साऱ्या गावासमोर, साहेबांसमोर तो बोलून गेला, "वहिनी, साहेबनी काल पेवनं इचारं व्हतं. मी नही म्हनं."

मंजुळाबाईने त्याचा हात खाली ठेवला.

प्लेगचे दिवस, अंधार पडायच्या आत तिरडी उचलायची होती. सख्खा भाऊ म्हणून कौतिक पुढचा खांदा द्यायला वाकला. वनाने त्याला कोपराने बाजूला सारलं. तो गुमान सरला आणि सगळ्यांच्या मागून चालू लागला.