तांदूळ वाढल्यात

"आता हेच ऱ्हायलं व्हतं! गिऱ्हाईक घरात लोळणार आन् दुकानदार त्याच्या दारात पिशवी घिऊन हुबा," धर्माजी पोत्यांच्या आडून पुटपुटले. ऐकू जावं इतपत मोठ्यानं, पण कुणाला म्हणता असं विचारता येऊ नये इतपत हळू.

स्नेहलनं ऐकून सोडून दिलं. पिंपरीत वाढलेली ही त्यांची सून. जुन्नरच्या पेठेतल्या त्यांच्या दुकानातून थेट घाटघरपर्यंत घरपोच किराणा न्यायचं खूळ तिचंच. सासऱ्यांनी महिन्याची मुदत दिली होती. टेम्पो भरला तर ठीक, नाहीतर टेम्पो विकायचा. आज शेवटचा दिवस, आणि टेम्पोत मोजून चार पिशव्या.

"आत्या, घाटघरला सगळ्यांकडंच भरपूर कसं असतं हो? ही प्रयागबाई तर दर आठवड्याला कळवते." स्नेहलनं मोबाईलवर तिचा आवाजातला निरोप लावला.

"स्नेहल, तांदूळ वाढल्यात गं. त्याल बी वाढलंय. मीठ सुदिक वाढलं बघ."

खाली स्नेहलचं उत्तर होतं, 'अरे वा!' आणि शेजारी अंगठा.

सासूबाईंच्या, सारजाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "आगं माझे बाई! वाढल्यात म्हंजे न्हाईत! डब्यात दाना न्हाई तिच्या!"

"वाढले म्हणजे नाहीत?"

"घरातलं धान्य न्हाई, असं कुनी त्वांडानं म्हनतं व्हय? बांगडी फुटली तर वाढली, दिवा इझवला तर वाढवला, दुकान बंद केलं तर वाढवलं. आन् तू तिला अंगठा दावलास!"

स्नेहलनं कपाळाला हात लावला आणि भराभर जुने निरोप लावले. हौशीरामच्या घरची साखर वाढलेली. भिमाजीची डाळ तर दोनदा वाढलेली. अकरा घरं! अख्खं घाटघर महिनाभर माल मागत होतं आणि ही त्यांना शाबासकी देत होती.

मग काय विचारता! सारजाबाईंनी पदर खोचला. पोती सुटली, तराजू खाली-वर नाचू लागला.

"हौशीरामाला जाडी साखर घाल," पोत्यांच्या आडून आवाज आला. "बारीक चालत न्हाई त्याला."

दोघी सासू-सुना एकमेकींकडं बघून गालात हसल्या.

घाटघरला प्रयागबाई दारातच उभी होती. "आलीस व्हय! मला वाटलं, तुमचं दुकानच वाढलं का काय."

"वाढलंय की! म्हणजे तसं नाही हो, खरंच वाढतंय!"

"आता ह्यातलं कंचं धरू मी?" म्हातारी पोट धरून हसली.

दिवेलागणीला रिकामा टेम्पो कोपऱ्यापासूनच हॉर्न वाजवत आला. पुढच्या खेपेला एकोणीस घरं! स्नेहल उडी मारून उतरली आणि दारातच थांबली.

धर्माजी गल्ल्यामागं ताठ बसले होते. दिवसभरात उंबऱ्यावर एक गिऱ्हाईक चढलं नव्हतं. चार वर्षं हे असंच. घरात सगळे म्हणायचे, सध्या मंदी आहे, दिवाळीला बघू.

"दुकान वाढवायचं का आता?" सारजाबाईंनी रोजच्यासारखं विचारलं.

धर्माजी उठले. तराजू उतरवला, पारडी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सगळं टेम्पोत पुढच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"फुडच्या खेपेला म्या बी येतो. तिकडची घरं मला ठावं हायती."

"आणि दुकान, मामा?"

सारजाबाईंनी स्नेहलला डोळ्यांनी दटावलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

धर्माजींनी एकदा दुकानाच्या फळ्यांकडं बघून घेतलं.

"वाढलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "संपलं."