मंगळूचा पोरगा

पाटाचं पाणी त्या दिवशी माझ्या वाफ्यात वळायचं, ते वरच्या अंगालाच कुणीतरी माती घालून अडवलं होतं. गहू चिकात आलेला. एक पाणी चुकलं की दाणा पोचट. मी फावडं घेऊन तणतणत वर गेलो, तर बांधावर पाटलांचा भाचा सावळीराम उभा. पाण्याच्या पाळ्या लावायचं काम त्याच्याकडं.

"कुनी आडवलं रं पानी?"

"मी. आन् मीच सोडनार. पर कारभारी, एक काम हाय."

सोमवारी शाळेत मतदान होतं. इंग्रज सरकारनं नवा कायदा केला होता, आता रयतेच्या मतानं राज्य चालणार म्हणे. पण रयत म्हणजे सगळी रयत नव्हे. आठ रुपये सारा भरील त्याला मत. आमची जमीन काळी, पण तुकडा एवढासा, त्यामुळं आमच्या घरात मत नव्हतं. आणि दर साल आमच्या गव्हाच्या काढणीला येणाऱ्या, आमच्याच ओट्यावर भाकरी खाणाऱ्या डोंगरपाड्याच्या बारकूला होतं! त्याची जमीन नुसती खडकाळ वरकस, नागली-वरईपुरती, पण पसारा मोठा म्हणून सारा जास्त. खोटं कशाला बोलू, मला ते खुपलं होतं.

"बारकूच्या नावावर तू मत टाक," सावळीराम म्हणाला. "त्यो डोंगऱ्या कशाला येतोय चार कोस चालून? वाया जायाचं त्ये आपल्या पेटीत पडंल."

बारकू येणार हे मला चांगलं ठाऊक होतं. चावडीवर यादी लागली तेव्हा त्यानं मास्तरांकडून आपलं नाव तीनदा वाचून घेतलं होतं. बारकू मंगळू भोये. मंगळू, त्याचा बाप, साहेबाचा तंबू वाहताना घाटात पडला तो उठलाच नाही. वेठीला धरून नेला होता. कायद्यानं वेठ कधीचीच बंद होती, पण घाट चढून वर यायला कायद्याला पाय कुठले? त्या मरणाची कुठं नोंद नाही, दाद नाही. छापील कागदावर बापाचं नाव बघून बारकू त्या अक्षरांवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा होता. "मास्तर, ह्ये माझ्या बापाचं ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

हे सगळं ठाऊक असून मी सावळीरामाला हो म्हणालो. दिवस मावळायच्या आत पाणी आलं.

सोमवारी सकाळी मी शाळेत गेलो. कचेरीतून आलेले साहेब टेबलाशी यादी घेऊन बसले होते.

"नाव?"

"बारकू."

"बापाचं?"

"मंगळू."

मी वाळूचा कारभारी, पण सटकन सांगितलं. जीभ जरासुद्धा अडली नाही. साहेबांनी यादीवर खूण केली, कागद दिला, उमेदवारागणिक वेगळी पेटी होती, मी तो पाटलांच्या उमेदवाराच्या पेटीत टाकला. तिथून तोंड काळं करायचं सोडून, शेव-जिलेबी वाटत होते म्हणून लिंबाखाली बसून राहिलो. हावरटपणा, दुसरं काय.

दुपारी बारकू आला. डोक्याला कोरं पागोटं, गुडघ्यापर्यंत धूळ, सारा भरल्याची पावती पळसाच्या पानात गुंडाळलेली. "रामराम, कारभारीदादा," म्हणत हसतच आत गेला.

"बारकू मंगळूचं मत झालंय," साहेब म्हणाले.

बारकूला आधी ती थट्टाच वाटली. "आसं कसं? मीच बारकू न!"

"तोतया हाय, साहेब, धरा त्याला!" उमेदवाराचा माणूस म्हणून आतच बसलेला सावळीराम ओरडला.

साहेब तसे भले होते. म्हणाले, "गावातल्या कुणी तुला ओळखलं तर कायद्यानं तुला दुसरा कागद देता येईल. आहे कोणी?"

बारकूचा चेहरा उजळला. दारातून त्यानं मला हाक मारली. "ह्यो काय, कारभारीदादा हाय की! ह्याच्या घरच्या भाकरी खाल्ल्यात मी. सांग न दादा, मी कुनाचा कोन त्ये."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सकाळचं तोंड ह्यांना आठवलं तर, म्हणून मी मान खाली घातली.

"मी नाय वळखत," मी म्हणालो.

बारकू माझ्याकडं नुसता बघत राहिला. स्वतःचंच मत मागितलं म्हणून शिपायानं त्याला दिवस मावळेपर्यंत शाळेच्या भिंतीशी उन्हात बसवलं. मी घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा. माझी मलाच अजून शिसारी येते.

काढणीला त्या साली बारकू आला नाही. आला तो थेट आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या सकाळी. माझा बाप, वाळूबाबा, आपल्या पितरांसाठी ओट्यावर घागर भरत होता.

"ये रं, बारकू," बाप म्हणाला.

बारकू बसला नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "दादा, आज माझ्या बी बापाला पानी द्यायाचं. तू चल पाड्यावं."

"मी कशाला?"

"सरकारच्या कागदाव मंगळूचा पोरगा मताच्या दिशी सकाळीच येऊन गेला न. त्यो तू, माझ्या कानावं आलंय. मी खोटा ठरलो. आता माझ्या हातचं पानी बापाला नाय पोचलं तर? तू बी घाल. एकाचं तरी पोचंल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती. बापाचा हात घागरीवरच थांबला.

"कारभारी, कुनाचं नाव सांगितलंस रं?"

आमच्याकडं दोन बापांचा म्हटलं की कुऱ्हाडी निघतात, आणि मी तर ते स्वतःच्या तोंडानं सांगून आलो होतो, एका पाळीच्या पाण्यासाठी.

"जा," बाप म्हणाला. "ज्याचा झालास त्याला पानी घाल जा. माझ्या बापाच्या घागरीला तुझा हात नगं."

चार कोस रखरखत्या उन्हात बारकूच्या मागं चालत गेलो. झोपडीपुढं त्यानं जागा सारवून घेतली होती. पळसाच्या पानावर पोळी, आंब्याची फोड. त्यानं बापाचं नाव घेऊन पाणी सोडलं आणि घागर माझ्या हातात दिली.

मी तोंड उघडलं. नाव काही केल्या बाहेर येईना. बारकू वाट बघत उभा होता.

"त्या दिशी साहेबाला सांगितलं तसंच सांग की, दादा," तो म्हणाला.