शेंदराआडची वलयं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती? जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं, तेव्हाचा. नागपूरच्या उत्तरेला, आमच्या सौंसरकडे तेव्हा उथळ समुद्र होता. डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच्या तळाशी चिकट थर करून राहत. वर गाळ बसला की ते गाळावर चढत आणि नवा थर धरत. असा थरावर थर साचून मी झालो. कापलेल्या कांद्यात दिसतात तशी वलयं अजून माझ्या अंगावर आहेत.

पुढे बोरगावच्या रामाजींच्या संत्राबागेत, विहिरीच्या काठी पडून राहिलो. त्यांच्या पत्नी जयवंताबाई माझ्यावर लुगडी आपटत. त्याचं मला काही वाटत नसे. पण इथे संत्र्याच्या बुंध्यांना चुना फासतात आणि तो माझ्यासारखेच दगड भट्टीत भाजून करतात. दर वर्षी शेजारचा एखादा दगड जायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

छप्पन साली शाळेचे मोरेश्वर मास्तर पाणी प्यायला आले आणि मला पाहून खालीच बसले.

"रामाजी, हा फोडू नका. जगातल्या पहिल्या जिवांच्या खुणा हायेत याच्यात. मी नागपूरच्या भूगर्भ खात्यातल्या साहेबाले पत्र लिहून राहिलो."

तोवर राज्यांच्या सीमा बदलल्या; नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पत्र परत आलं. आता भोपाळला लिहा म्हणे. मास्तरांनी तिकडे लिहिलं. इकडे भट्टी रचून झाली, उत्तराचा पत्ता नाही.

"झाडं काय साहेबाची वाट पाहून राहिली का, मास्तर? उद्या फोडतो," रामाजी म्हणाले.

सकाळी ते घण घेऊन आले, तर मी शेंदरानं लालभडक!

"हे काय करून राहिली तू?"

"झालं करून," जयवंताबाई म्हणाल्या. "बारा वर्सं याच्यावर धुनं धुतलं म्या. मारा आता घण, हिंमत असन तं."

रामाजींनी घण ठेवला आणि चपला काढल्या. मी वाचलो, मित्रांनो! किती हायसं वाटलं म्हणून सांगू.

दीड वर्षानं भोपाळचे साहेब आले. माझ्यापुढे नारळ, उदबत्त्या, हात जोडलेल्या बाया.

"वो पत्थर कहाँ है?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, जयवंताबाईंकडे पाहिलं. शेंदूर खरवडा म्हणायची त्यांची छाती होईना.

"फूट गया, साहब," ते म्हणाले.

आता दर सणाला नवा शेंदूर चढतो. विहिरीकडची चार बोटं जागा तेवढी उघडी उरली आहे, आणि तीही झाकली जाईल, याचाच मला घोर लागला आहे. मला खरवडू नका; फक्त नमस्कार करून झाला की मागून एक फेरी मारा, ती वलयं बघा. मास्तर प्रदक्षिणेच्या निमित्तानं तिथेच थांबायचे. बरीच वर्षं झाली, ते आलेले नाहीत.