खुंटीवरची पुस्तकपिशवी

मी पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे, पुस्तकांची; एवढा तोरा मला आहे.

बंगळुरातल्या चिकपेट बाजारच्या उरल्यासुरल्या कापडातून चामराजपेटच्या राजलक्ष्मी अक्कांनी मला शिवलं. अक्कांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. शहरातल्या पीण्या भागातल्या कारखान्यांत कामाला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी त्यांनी हा खटाटोप मांडला. माझ्या पोटात पुण्याहून आलेली तीन पुस्तकं आणि एक वही. एकेका घरी माझा मुक्काम आठवडाभर. आईनं मुलांना गोष्ट वाचून दाखवायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या, असा नियम.

जतकडून आलेल्या भागीरथीच्या खोलीत मी फार रमले. तिची रक्षिता गावी तिसरीपर्यंत मराठी शाळेत होती, इथे कन्नड शाळेत जाते. भागीरथी भाकऱ्या थापायची आणि लेक मोठ्यानं वाचायची. भागीरथीला अक्षरओळख नाही, पण हे तिनं इथे कुणाला कळू दिलं नव्हतं. वहीत रक्षिताच लिहायची, मोठ्या माणसाचं वाटावं म्हणून अक्षर तिरकं काढून: ‘आज आईने मला गोष्ट वाचून दाखवली. आई छान वाचते.’ ते वाक्य पोटात घेऊन बसताना मला गलबलून यायचं.

अक्का आल्या, पानावर नजर फिरवली आणि खूश झाल्या.

“किती छान लिहिलंयस गे! रविवारी माझ्याकडे सगळ्या बायका जमतात, त्यांच्यासमोर स्वल्प वाचून दाखव.”

भागीरथीचा चेहरा पडला. त्या रविवारी ती गेली नाही, पुढच्याही नाही. मी खिळ्याला लटकून राहिले. रक्षितानं हात लावला की आई ओरडायची, “पुस्तकाचं नाव काढू नगंस!”

शेवटी अक्काच दारात आल्या. भागीरथीनं मला त्यांच्या हातात दिलं.

“अक्का, मला वाचाया येत न्हाई. वहीत समदं पोरीनं लिवलंय. तुमास्नी फशिवलं मी.”

आत रक्षिता रडू आवरत उभी होती.

माझे टाके ताणले गेले होते, कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. अक्का शिकल्या त्या कन्नड शाळेत. बहिणीला मराठीत पत्र लिहितात, तेही कन्नड लिपीत. त्या वहीतली एक ओळसुद्धा त्यांना कधी वाचता आली नव्हती. पान भरलेलं दिसलं, की त्या प्रत्येक घरी छान म्हणायच्या.

“सरी, बरं,” एवढंच बोलून अक्का वळल्या.

आता मी त्यांच्या खुंटीवर आहे. भागीरथी तोंड लपवते म्हणे, आणि रक्षिताला वाचायला काही उरलेलं नाही. मला याचा राग येतो.

अक्का, मला घेऊन पुन्हा त्या दारात चला. भागीरथी जे धीरानं बोलली, तेच तुम्हीही तिला सांगा: ‘मलाही वाचता येत नाही.’ मग दोघी रक्षितासमोर बसा. ती शिकवील.